चाळिशीत भरतीला निघताना

आपल्या सातारा जिल्ह्यात पहाटे साडेपाचला फिरायला निघालेल्या माणसाला एक दृश्य हमखास दिसते. रस्त्याच्या कडेने पाच-सहा पोरे धावत असतात. अंगात बनियन, पायांत बूट, आणि एकाच्या हातात वेळ मोजायला मोबाइल. भरतीची तयारी चाललेली असते. जिल्ह्यात अपशिंग्यासारखे गाव आहे, की ज्याच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागते. तेव्हा या दृश्याचे कोणाला नवल वाटत नाही. २०२४ च्या जानेवारीत, संक्रांत नुकतीच झाली होती, तेव्हा मात्र मी थबकलो. पोरांच्या मागे शंभरेक पावलांवर एक पोट सुटलेले गृहस्थ धापा टाकत धावत होते. जवळ आल्यावर ओळखले. आमच्या पेठेतले पिठाच्या गिरणीचे मालक! वय एक्केचाळीस.

त्याच संध्याकाळी ते दवाखान्यात आले. (त्यांचे नाव लिहीत नाही. गिरणीवाले एवढेच म्हणू. हा मजकूर छापायला त्यांची परवानगी आहे.) म्हणाले, “डॉक्टर, हसू नका. मला मिलिटरीत जायचंय. तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला द्या.”

मी हसलो नाही, कारण ते हसण्यासारखे नव्हतेच. विसाव्या वर्षी ते भरतीची तयारी करीत होते. त्याच वर्षी वडील हृदयविकाराने गेले. वडिलांचे वय बावन्न. घरात दोन बहिणी लग्नाच्या आणि गिरणीवर कर्ज. मुलाने धावणे सोडले आणि गिरणी धरली. एकवीस वर्षे गेली. आता बहिणी आपापल्या घरी, कर्ज फिटलेले, मुलगा दहावीत. मनातले काही जात नाही.

वाचकांपैकी अनेकांना वाटेल की या वयात सैन्यात कोण घेतो? नेहमीच्या लष्करी भरतीत शिपायासाठी विशीच्या आरंभीच दार बंद होते, हे खरे. परंतु प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी, वेगळी. तिचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. नोकरीधंदा करणाऱ्या नागरिकाने वर्षातला काही काळ गणवेशात काढावा, प्रशिक्षण घ्यावे आणि बोलावणे आले की हजर व्हावे, अशी ही व्यवस्था. वयाची मर्यादा १८ ते ४२. आपल्या जवळ कोल्हापुरात मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली १०९ वी प्रादेशिक बटालियन आहे. गिरणीवाल्यांच्या हाती एक वर्ष उरले होते. तो दाखला त्यांना का हवा होता, ते लक्षात आले असेल.

दाखला मी त्या दिवशी दिला नाही. तपासले. रक्तदाब १५६/९८ निघाला. घाबरून वाढला असेल म्हणून तीन दिवस सकाळी बोलावले. १४६/९४ च्या खाली तो आलाच नाही. वजन उंचीच्या मानाने अकरा किलो जास्त. साखर बरी. दाढेत तंबाखूची चिमूट, गिरणीवर उभे राहून राहून लागलेली. आणि वडील बावन्नाव्या वर्षी गेलेले. चाळिशीचा माणूस उद्यापासून जोरात धावायचे म्हणतो तेव्हा मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याच गोष्टींची. आपल्या देशात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार पाश्चात्त्यांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. विशीत धावलेले पाय ‘जमेल, जमेल’ म्हणत राहतात, आणि मधल्या वीस वर्षांत हृदयाचे काय झाले ते त्यांना कळत नाही. म्हणून आधी ईसीजी आणि नंतर पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट करून घेतली. दोन्ही ठीक निघाल्या. मग रक्तदाबासाठी तीन महिने मुदत दिली. मीठ कमी, तंबाखू बंद, रोज चालणे. तेवढ्याने उतरला नाही तर गोळी, असे ठरले.

स्ट्रेस टेस्टच्या दिवशी त्यांच्या मंडळी बरोबर होत्या. नवऱ्याचे हे खूळ त्यांना पसंत नव्हते. जाता जाता म्हणाल्या, “डॉक्टर, ह्यांचं लक्षच नसतं कशात. चार हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारचे बोलतात.” मी म्हणालो, “वहिनी, सगळ्याच नवऱ्यांना हा आजार असतो.” आम्ही तिघेही हसलो. त्या वाक्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता तयारीविषयी. प्रादेशिक सेनेच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावणे, बारवर लोंबकळून हनुवटी वर नेणे म्हणजे पुलअप, नऊ फुटी चर उडी मारून ओलांडणे आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणे असे प्रकार असतात. विशीतल्या पोराला दोन-तीन महिने पुरतात. चाळिशीत मी निदान आठ महिने धरतो. कारण साधे आहे. हृदय आणि फुप्फुसे चाळिशीतही लवकर वळण घेतात. सहा-आठ आठवड्यांत दम वाढलेला माणसाला स्वतःला जाणवतो. स्नायूही ऐकतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे आणि खुद्द हाड यांना नव्या भाराची सवय व्हायला कितीतरी महिने लागतात. म्हणजे दम म्हणतो पळ, आणि नडगी म्हणते थांब. या भांडणात माणूस दमाचे ऐकतो.

गिरणीवाल्यांनीही तेच केले. पहिले दोन महिने मी त्यांना पळू दिले नव्हते. भरभर चालणे, मध्ये एक-एक मिनिट हलके धावणे, तेही आठवड्यातून चार दिवस आणि डांबरी रस्ता सोडून शाळेच्या मातीच्या मैदानावर. धावताना शेजाऱ्याशी एक वाक्य बोलता आले पाहिजे, ही वेगाची मर्यादा. मार्चअखेर रक्तदाब १३४/८६ वर आला, वजन पाच किलो उतरले, आणि माणसाला अवसान चढले. मला न सांगता रोज दोन वेळा धावणे सुरू झाले, आणि तेही पोरांच्या बरोबरीने, डांबरावर. नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले तेव्हा औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून, त्या धावण्याआधी घेऊन त्यांनी बारा दिवस काढले. लंगडत आले तेव्हा हाडावर एका जागी बोट ठेवले तरी कळवळत होते. एक्स-रे स्वच्छ होता. अशा प्रकारात पहिले दोन-तीन आठवडे तो पुष्कळदा स्वच्छच असतो. पुन्हा काढला तेव्हा नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर दिसली.

वेदनाशामक गोळी खाऊन धावणे हा भरतीच्या पोरांतला जुना रोग आहे. दुखणे ही शरीराने मारलेली हाक असते आणि गोळीने ती हाक तेवढी बंद होते. शिवाय या गोळ्या रक्तदाब वाढवतात, आणि घाम गाळून अंगातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडालाही त्रास देतात. चाळिशीच्या माणसाने तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आठ आठवडे धावणे बंद. गिरणीवाले हिरमुसले, पण दम मोडू दिला नाही. मळ्यातल्या विहिरीत रोज अर्धा तास पोहले. सायकल काढली. पुलअपचा सराव याच काळात झाला. सुरुवातीला त्यांना एकही येत नव्हती. मी सांगितले, स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्या, आणि मग पाय सोडून अगदी सावकाश, पाच आकडे मोजत, खाली या. वर जाण्याची ताकद खाली येताना तयार होते. जुलैत पहिली पुलअप आली. त्या दिवशी दवाखान्यात पेढे आले. (मी अर्धा खाल्ला. साखर मलाही सांभाळायची आहे.)

आहाराचे फार स्तोम माजवू नये. डबाबंद पावडरीची काहीएक गरज नाही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सहा, आणि डाळ तर आपल्या घरात असतेच. भाकरी, घट्ट वरण, मोड आलेली मटकी, दोन अंडी, ताक, मूठभर शेंगदाणे एवढ्यावर सत्तर किलोच्या माणसाचे भागते. कमी करायचे ते लोणचे, पापड आणि ताटात वरून घेतलेले मीठ. दिवसाला सर्व मिळून एक छोटा चमचा मीठ पुरे. आणि झोप सात तास. गिरणी रात्री नऊला बंद करून पहाटे साडेचारला उठणाऱ्याला ती मिळत नाही, म्हणून त्यांनी संध्याकाळची गिरणी मुलावर नव्हे, एका कामगारावर सोपवली. मुलाची दहावी होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कोल्हापुरात प्रादेशिक सेनेची भरती झाली. गिरणीवाले आदल्या रात्रीच एसटीने गेले. हजारो पोरांत बसून थंडीत रात्र काढली. धावले. सोळाशे मीटर ते आता सहा मिनिटांच्या आत मारत होते, आणि त्या दिवशी त्याहून बरे धावले. चर ओलांडला, पुलअप काढल्या, पट्टीवरून चालले. मैदानात ते पास झाले. मला फोन आला तेव्हा मागे पोरांचा गलका होता, आणि गिरणीवाले फोनवर ओरडून बोलत होते. ते नेहमीच फोनवर ओरडून बोलत. त्याही वेळी माझ्या डोक्यात काही आले नाही.

वैद्यकीय तपासणीत ते कानावर अडले. लष्कराच्या तपासणीत उमेदवाराला पाठमोरे उभे करून, एक कान बंद करून, सुमारे वीस फुटांवरून कुजबुजल्यासारखे शब्द उच्चारतात. दोन्ही कानांनी वेगवेगळे ऐकू यावे लागते. “डॉक्टर, त्यांनी आकडे सांगितले म्हणे,” गिरणीवाले मला नंतर म्हणाले, “मला नुसता वारा ऐकू आला.” फेरतपासणी मागण्याचा हक्क असतो, तो त्यांनी बजावला. तिथे यंत्रावर कान तपासले. दोन्ही कानांची उंच स्वर ऐकण्याची शक्ती गेलेली, उजव्याची जास्त. उजवा कान एकवीस वर्षे चक्कीच्या बाजूला होता.

मोठ्या आवाजाचे बहिरेपण असेच येते. ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज रोज तासन्‌तास कानावर पडला की आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. डेसिबल मोजायचे यंत्र घरी नसते, पण एक खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक समजावा. पिठाची गिरणी, यंत्रमाग, लाकूड कापायचा आरा, ट्रॅक्टर, डीजे यांपैकी कोणताही घ्या. आधी उंच स्वर जातात. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द उमगत नाहीत. स, फ, थ निसटतात. म्हणून त्याला स्वतःला बहिरेपण वाटत नाही. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात असे वाटते. घरच्यांना आधी कळते.

वहिनींनी मला जानेवारीत सांगितले होते. मी त्यावर विनोद केला. रक्तदाब पाहिला, हृदय पाहिले, हाड पाहिले, आणि पाठमोरे उभे करून दोन शब्द कुजबुजायला जो एक मिनिट लागला असता तो काढला नाही. दहा महिने त्या माणसाने घाम गाळला, तो ज्या दारावर अडणार होता ते दार मी पहिल्याच आठवड्यात तपासायला हवे होते. हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “तेव्हाच सांगितलं असतंत तर मी पळालोच नसतो.” यावर काय बोलावे ते मला अजून सुचलेले नाही.

तेव्हा कोणी पस्तिशी-चाळिशीचे वाचक याच वाटेने निघाले असतील तर बूट विकत घेण्याआधी दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी पाहून घ्या. दोन्ही कान, डोळ्यांची नजर आणि रंगांची ओळख. मग दुरुस्त होण्याजोग्या. रक्तदाब, साखर, हर्निया, अंडवृद्धी, मूळव्याध, पायांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा, किडलेले दात. यांतल्या पुष्कळ गोष्टींवर उपचार आहेत, पण शस्त्रक्रियेनंतर सावरायला महिने लागतात आणि वयाचा आकडा थांबत नाही. कोणताही आजार लपवून जाऊ नका. छातीत दडपण, डाव्या हातात कळ, जबड्यात दुखणे, धावताना भोवळ यांपैकी काही झाले तर त्या क्षणी थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

गिरणीवाले अजून आठवड्यातून चार दिवस मैदानावर येतात. रक्तदाब १२६/८० आहे, गोळीशिवाय. गिरणीत आता ते आणि त्यांचा कामगार दोघेही कानांवर झाकणे लावतात. गिऱ्हाइकाने डबा ठेवून बोटे दाखवायची, जाडे की बारीक. मागच्या महिन्यात त्यांनीच सदतीस वर्षांच्या एका गवंड्याला माझ्याकडे पाठवले. त्यालाही कोल्हापूरला जायचे आहे. मी खुर्चीवरही बसू न देता त्याला भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि कंपाउंडरच्या टेबलापाशी जाऊन कुजबुजलो. डाव्या कानाने काहीच ऐकू येईना. त्याचा चेहरा उतरला. आत दिवा टाकून पाहिले, तर हरभऱ्याएवढा घट्ट मळ. चार दिवस थेंब घालून तो काढला. आता त्याचे चालणे सुरू झाले आहे.