बंदुकीची किंमत कोणी मोजायची?

१४ डिसेंबर २०१२ हा दिवस दोन देशांतील दोन प्राथमिक शाळांवर एकाच वेळी काळ होऊन आला. चीनच्या हेनान प्रांतातील चेनपेंग या खेड्यात एका इसमाने सुरा घेऊन शाळेतील २३ मुलांवर वार केले. त्यानंतर काही तासांतच अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील न्यूटाउन येथे सँडी हूक शाळेत एक तरुण अर्धस्वयंचलित रायफल घेऊन शिरला आणि त्याने २० मुले व ६ शिक्षक-कर्मचारी यांचे प्राण घेतले. चेनपेंगमधील काही मुलांच्या जखमा गंभीर होत्या. परंतु त्यांतील एकही मूल दगावले नाही. दोन्ही ठिकाणी मनाचा तोल सुटलेला माणूस होता, समोर निष्पाप मुले होती. फरक हाती असलेल्या साधनाचा होता.

याचा अर्थ सुरा निरुपद्रवी असतो, असा कोणी काढू नये. जपानमध्ये ओसाकाजवळच्या एका शाळेत २००१ साली सुरा घेऊन शिरलेल्या माणसाने आठ मुलांचा बळी घेतला होता. तथापि सुऱ्याने मारणाऱ्याला प्रत्येक बळीच्या जवळ जावे लागते, त्याला अडवता येते, त्याच्यापासून पळता येते. बंदूक हे अंतर आणि हा अवधी दोन्ही नाहीसे करते. सामूहिक गोळीबाराच्या प्रश्नाची चर्चा येथून सुरू व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती सुरू होते ती दोन ठरीव वाक्यांनी: ‘बंदूक मारीत नाही, माणूस मारतो’ हे पहिले, आणि ‘त्या देशाची संस्कृतीच तशी आहे, तेथे कायदा काय करणार?’ हे दुसरे. पहिल्याचे उत्तर वरील दोन शाळांनी दिलेले आहे. दुसरे वाक्य अधिक शहाणपणाचे वाटते, म्हणूनच ते अधिक तपासून पाहिले पाहिजे.

बारा दिवसांचा निर्णय

२८ एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर पोर्ट आर्थर येथे एका तरुणाने केलेल्या गोळीबारात ३५ माणसे मृत्युमुखी पडली. ऑस्ट्रेलिया हा वसाहतकारांचा, मेंढपाळांचा आणि शिकाऱ्यांचा देश. ग्रामीण भागात घरोघरी बंदूक असणे ही तेथील रीत होती. पंतप्रधान जॉन हॉवर्ड हे पुराणमतवादी पक्षाचे, त्यांच्या आघाडीचा पाठीराखा वर्ग याच ग्रामीण भागातला, आणि त्यांना सत्तेवर येऊन दोन महिनेही झालेले नव्हते. अशा स्थितीत अवघ्या बारा दिवसांत, १० मे रोजी, केंद्र आणि सर्व राज्ये यांच्यात शस्त्रविषयक करार झाला. अर्धस्वयंचलित रायफली सामान्य नागरिकांच्या हातून काढून घेण्याचे ठरले. परवाना मागणाऱ्याने बंदुकीची खरी गरज दाखविली पाहिजे, आणि स्वसंरक्षण ही अशी गरज मानली जाणार नाही, हे त्या करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम होय.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या योजनेचा आर्थिक भाग अवश्य अभ्यासावा. बंदूक हा टिकाऊ माल आहे. नीट तेलपाणी केले तर ती दोन-तीन पिढ्या चालते. त्यामुळे नव्या विक्रीवर बंदी घातली तरी आधीचा साठा जागच्या जागीच राहतो. ऑस्ट्रेलियाने हा साठाच विकत घेतला. तेथील राज्यघटनेनुसार सरकारने कोणाची मालमत्ता घेतली तर तिचा न्याय्य मोबदला द्यावा लागतो. हा पैसा उभा करण्यासाठी आरोग्यसेवेसाठी घेतल्या जाणाऱ्या करात एका वर्षापुरती ०.२ टक्क्याची वाढ करण्यात आली आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका सरकारजमा होऊन नष्ट झाल्या. ज्यांच्या घरी कधी बंदूक नव्हती, त्यांनीही हा कर भरला. सुरक्षितता ही सार्वजनिक वस्तू आहे आणि तिचा खर्च सर्वांनी उचलावा, हे तत्त्व एका राष्ट्राने आपल्या प्राप्तीकराच्या कागदावर लिहून दाखविले.

याच वर्षाच्या मार्च महिन्यात स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या शाळेत १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका पिस्तुलाच्या गोळ्यांना बळी पडल्या होत्या. मारेकऱ्याची सारी पिस्तुले परवान्याची होती. गावातील पालक आणि त्यांचे स्नेही यांनी काढलेल्या अर्जावर सात लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. १९९७ साली प्रथम हुजूर पक्षाच्या आणि नंतर मजूर पक्षाच्या सरकारने केलेल्या दोन कायद्यांनी ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली, तेव्हा संसदेने महिन्याच्या आत लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. विरोधात एकच मत पडले.

जेथे बंदूक हा हक्क आहे

अमेरिकेची गोष्ट निराळी आहे, हे मान्यच केले पाहिजे. तेथे १७९१ सालच्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काला स्थान दिले आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०१७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या. म्हणजे दर शंभर माणसांमागे १२०. एवढा साठा विकत घेणे कोणत्याही सरकारच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून ऑस्ट्रेलियाचा उतारा अमेरिकेला जसाच्या तसा लागू पडेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

परंतु तेथील अडचण केवळ घटनेची किंवा संस्कृतीची नाही. सँडी हूकच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे एक अगदी साधा प्रस्ताव आला: प्रदर्शनांत आणि जाहिरातींद्वारे होणाऱ्या खासगी विक्रीतही खरेदीदाराची पूर्वपीठिका तपासली जावी. जनमत चाचण्यांत बहुसंख्य नागरिकांचा, अगदी बंदूकधारकांचाही, अशा तपासणीला पाठिंबा होता. प्रस्तावाच्या बाजूने ५४ मते पडली. आवश्यक होती ६०. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली आपल्या ग्रंथात मांडलेला सिद्धान्त येथे डोळ्यांपुढे येतो. ज्यांचा लाभ मोठा आणि एकवटलेला असतो असा लहान गट संघटित होतो. ज्यांचे नुकसान थोडे थोडे आणि विखुरलेले असते ते बहुसंख्य असूनही असंघटित राहतात. बंदूक उत्पादक आणि कट्टर बंदूकप्रेमी प्रत्येक निवडणुकीत याच एका प्रश्नावर मत देतात. इतरांच्या यादीत हा प्रश्न पाचवा-सहावा असतो. संस्कृतीच्या नावावर जे खपविले जाते, त्याचा बराचसा भाग अशा रीतीने हिशेबाचा असतो.

वर्गात ‘बाह्य परिणाम’ ही संकल्पना शिकविताना आम्ही कारखान्याच्या धुराड्याचे उदाहरण देतो. माल कारखानदाराचा, नफा कारखानदाराचा आणि धूर मात्र शेजाऱ्यांच्या छातीत. अशा वेळी धुराची किंमत कारखानदाराच्या खात्यावर चढविणे हे शासनाचे काम असते. बंदुकीच्या बाबतीत अमेरिकेने उलटे केले. २००५ साली झालेल्या एका कायद्याने, बंदुकीचा गुन्ह्यात वापर झाल्यास तिच्या उत्पादकावर व विक्रेत्यावर नुकसानभरपाईचा दावा लावणे बहुतांश प्रकरणांत अशक्य करून ठेवले. धुराड्याला संरक्षण आणि शेजाऱ्यांना सहनशीलतेचा उपदेश, असा हा प्रकार आहे.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शेजाऱ्याकडे बंदूक आहे म्हणून मी घेतो. मी घेतली म्हणून समोरचा घेतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा वाटतो, आणि त्या साऱ्या शहाणपणाची बेरीज मात्र अधिक असुरक्षित गाव अशी होते. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. सामूहिक गोळीबारातील बळींची संख्या या आकड्यात अगदी लहान ठरते. म्हणजे ज्या घरात संरक्षणासाठी बंदूक आणली, त्या घरातल्याच कोणाच्या तरी एका निराश रात्री ती बाहेर निघाली, असे हजारो वेळा घडले.

कायदा आणि त्याची मर्यादा

विरोधकांचे आक्षेप सरसकट झटकून टाकणे योग्य नव्हे. ऑस्ट्रेलियातील बंदुकीचे मृत्यू १९९६ पूर्वीपासूनच उतरणीला लागले होते, त्यामुळे नव्या कायद्याचा वाटा नेमका किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये पिस्तूलबंदीनंतरही काही वर्षे पिस्तुलाचे गुन्हे वाढतच होते, कारण गुन्हेगारांची हत्यारे परवान्याची नव्हतीच. स्वित्झर्लंडमध्ये बंदुका पुष्कळ आहेत आणि तरीही तेथे अमेरिकेसारखी स्थिती नाही, हेही खरे. पण तेथील बंदूक मुख्यतः लष्करी सेवेच्या कर्तव्याशी जोडलेली आहे, तिच्यामागे शिक्षण आणि शिस्त आहे, आणि २००१ साली त्सुग येथील प्रांतिक विधिमंडळात १४ जणांची हत्या झाल्यावर तो देशही स्वस्थ बसला नाही. २००७ नंतर सैनिकांनी दारूगोळा घरी ठेवण्याची प्रथा जवळजवळ बंद झाली आणि २०१९ साली मतदारांनी अधिक कडक नियमांना सार्वमताने संमती दिली.

कायदा म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे. जपानमध्ये बंदुकीचा परवाना मिळविणे हे एक दिव्यच असते. लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, वैद्यकीय दाखला, पोलिसांची चौकशी, घरातील कपाटाची तपासणी. तरीही ८ जुलै २०२२ रोजी माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झालीच. पण मारेकऱ्याला घरी जुळविलेले ओबडधोबड हत्यार वापरावे लागले आणि त्यातून त्याने दोन वेळा बार काढले. त्याच्या हाती सँडी हूकमधली रायफल असती तर त्या चौकात किती प्रेते पडली असती, याची कल्पना करावी. कायद्याने द्वेष संपत नाही. द्वेषाचा पल्ला मात्र कमी होतो.

त्यासाठी कायद्याची अंमलबजावणी जागती असावी लागते. इंग्लंडमधील प्लिमथ येथे ऑगस्ट २०२१ मध्ये एका तरुणाने पाच जणांना ठार केले. मारहाणीच्या प्रकरणानंतर पोलिसांनी काढून घेतलेली त्याची बंदूक काही आठवड्यांपूर्वीच त्याला परत देण्यात आली होती. १४ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीच्या बाँडाय समुद्रकिनाऱ्यावर ज्यू सणाच्या मेळाव्यावर झालेल्या गोळीबारात १५ जणांचा बळी गेला. दोघा हल्लेखोरांपैकी एकाकडे परवान्याच्या सहा बंदुका होत्या. १९९६ नंतर त्या देशातील खासगी बंदुकांची संख्या पुन्हा वाढत जाऊन पूर्वीच्याही पुढे गेली होती. कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको: कायदा विधिमंडळात जन्मतो, पण जगतो किंवा मरतो तो टेबलावरच्या फायलीत. त्या दुर्घटनेनंतर ऑस्ट्रेलियाने ‘आमचा कायदा फसला’ असा गळा काढला नाही. पुन्हा एकदा बंदुका विकत घेण्याची योजना जाहीर केली.

संस्कृती हा शिलालेख नव्हे

आपल्या देशाचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांना मोकळीक दिली. या अपमानाविरुद्ध राष्ट्रीय सभेने वेळोवेळी आवाज उठविला, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही समाविष्ट झाला. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी तोच हक्क घटनेत घालण्याची सूचना घटना समितीत मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. कराचीची मागणी परकीय सत्तेने नि:शस्त्र केलेल्या प्रजेची होती. स्वतंत्र देशात असा हक्क सरसकट देणे त्यांना मान्य नव्हते. पुढे १९५९ चा शस्त्रकायदा आला आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. एकाच राष्ट्राने, सतरा वर्षांच्या अंतराने, बदललेली परिस्थिती पाहून आपले मत बदलले. परंपरा बदलत नसते असे म्हणणाऱ्यांनी एवढे एकच उदाहरण ध्यानात घ्यावे.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या न्यू जर्सीत नोकरीला आहे. गेल्या सुटीत तो घरी आला तेव्हा त्याची सहा वर्षांची मुलगी बरोबर होती. बोलता बोलता ती तिच्या शाळेतील एका कवायतीबद्दल सांगू लागली. बाई दार लावून दिवे मालवतात, सगळ्यांनी भिंतीशी बसायचे, आणि अजिबात आवाज करायचा नाही. ‘आमच्या वर्गात सगळ्यांत शांत मीच बसते,’ असे तिने अभिमानाने सांगितले. मी तिला शाबासकी दिली. दुसरे काय करणार? तिचे वडील मात्र खिडकीबाहेर पाहत राहिले.

बंदुकीच्या हक्काची किंमत किती, हा प्रश्न वकिलांचा आणि पुढाऱ्यांचा असेल. ती किंमत कोणाकडून वसूल होते, हे त्या मुलीने न विचारताच सांगून टाकले होते. ज्या समाजात सहा वर्षांच्या मुलाला जीव वाचविण्यासाठी गप्प बसायला शिकवावे लागते, त्या समाजातील मोठ्या माणसांना गप्प बसण्याचा अधिकार उरत नाही.