मेमरी शिल्लक आहे, तरी कर्नल ‘नाही’ का म्हणतो?

समजा, लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर तुमचा प्रयोग दोन दिवस चालू आहे आणि कर्नलच्या लॉगमध्ये ‘पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४’ असं काहीतरी दिसतं. मोकळी मेमरी बघावी तर पाचशेहून जास्त एमबी शिल्लक! अशा वेळी लॅबमध्ये पहिला सल्ला मिळतो तो रीस्टार्टचा. निदान लॉग सेव्ह करेपर्यंत तरी तो ऐकू नका. रीस्टार्टने बिघाड जातो आणि त्याच्यासोबत पुरावाही. मग गाईडने विचारलं की त्या दोन दिवसांची रीडिंग्ज धरायची की टाकायची, तर सांगणार काय?

आधी ‘ऑर्डर’ म्हणजे काय ते बघू. कर्नलचा बडी अलोकेटर पानांचे गठ्ठे दोनच्या घातांत देतो. ऑर्डर ० म्हणजे एक पान, नेहमीच्या मशीनवर ४ केबी. ऑर्डर ४ म्हणजे १६ पानं, ६४ केबी, आणि तीही प्रत्यक्ष मेमरीत सलग. नाट्यगृहात दोनशे खुर्च्या रिकाम्या असतात, पण तुमच्या सोळा जणांना एका ओळीत शेजारी शेजारी बसायचं असेल तर? अगदी तीच अडचण.

त्याच लॉगमध्ये खाली प्रत्येक झोनची एक ओळ असते. तिथे समजा असं आहे: ४ केबीचे ९०,००० तुकडे, ८ केबीचे २१,०००, १६ केबीचे ९०० आणि पुढे सगळी शून्यं. बेरीज करा, ५,४२,४०० केबी, म्हणजे जवळपास ५३० एमबी. पण ६४ केबीचा अखंड तुकडा एकही नाही. हे फ्रॅगमेंटेशन. इथे रॅम कमी पडली हे निदानच चुकीचं आहे, आणि जास्त रॅम बसवली तर तोच त्रास फक्त थोडा उशिरा होईल.

आता मोड बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘जीएफपी कर्नल’ असेल तर मागणाऱ्याला थांबता येतं. कर्नल जुनी पानं परत घेतो, पानं सरकवून जागा सलग करून बघतो, आणि ऑर्डर ३ च्या वरची मागणी असेल तर शेवटी नाद सोडतो. सहसा त्यासाठी कुठली प्रोसेस मारत नाही. ‘जीएफपी ॲटॉमिक’ असेल तर थांबायची सोयच नाही. इंटरप्टमध्ये नेटवर्क ड्रायव्हर मेमरी मागतो, मिळाली नाही तर पॅकेट टाकून देतो. प्रोग्रॅम चालूच राहतो, फक्त तुमचे लेटन्सीचे आकडे गुपचूप बिघडतात. मला क्रॅशपेक्षा याची जास्त भीती वाटते.

ओळीच्या सुरुवातीला प्रोसेसचं नाव असतं, त्यावर लगेच आरोप ठेवू नका. इंटरप्ट आला तेव्हा ती बिचारी सीपीयूवर होती, एवढंच असू शकतं. खरा मागणारा शोधायचा तर स्टॅक ट्रेस वाचा.

परत न मिळणारी स्लॅब मेमरी तासागणिक वाढत असेल तर मात्र प्रकरण वेगळं, गळतीचं आहे. तिथे स्लॅबटॉप आणि केमेमलीक वापरा.

उपाय निदानावरून ठरतो. ड्रायव्हर तुमचा स्वतःचा असेल आणि मेमरी प्रत्यक्षात सलग असायची गरज नसेल, तर के-मॅलॉकऐवजी केव्ही-मॅलॉक वापरा. २०१७ च्या ४.१२ आवृत्तीपासून ते उपलब्ध आहे. सलग जागा नसली तर ते सुटी पानं जोडून देतं. डीएमए बफरला किंवा इंटरप्टमध्ये हे चालणार नाही. ॲटॉमिक मागण्याच फसत असतील तर ‘मिन फ्री केबाइट्स’ थोडं वाढवून बघा, पण बेताने. ती राखीव मेमरी इतरांच्या वाट्यातून जाते.

पुढच्या वेळी प्रयोग लावताना दर मिनिटाला ‘बडीइन्फो’ची नोंद वेळेसकट एका फाइलमध्ये जाऊ द्या. मोठे तुकडे कधी संपले ती वेळ आणि आकडे बिघडले ती वेळ शेजारी ठेवली, की कुठली रीडिंग्ज टाकायची ते तुम्हीच ठरवू शकाल.