कोळशाचा ब्रेक

पवनीसारख्या गावी मोटारींच्या शर्यतीविषयी बोलावयाचे म्हणजे वैनगंगेच्या काठी बसून भर समुद्रातल्या वादळाची हकीकत सांगण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. शर्यतीच्या मोटारी इकडे फिरकत नाहीत, आणि त्या फिरकाव्यात अशी आमचीही इच्छा नाही. परंतु या मोटारी ज्या वस्तूच्या जोरावर थांबतात, ती वस्तू धागा आणि कोळसा या दोहोंपासून झालेली आहे. कोष्ट्यांच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या गावाला धाग्याची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि कोळशाचीही नाही.

मोटार धावते कशी हे पुष्कळांना ठाऊक असते. ती थांबते कशी याचा विचार आपण क्वचितच करतो. फॉर्म्युला वन शर्यतीतली मोटार चालकासह सुमारे ८०० किलो भरते. ती ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या अंगी जी ऊर्जा असते, तेवढ्यात साधारण दहा लिटर पाण्याला उकळी फुटेल. वळण समोर आले की या ऊर्जेचा बहुतेक भाग दोन-तीन सेकंदांत कोठे तरी जिरवावा लागतो. काही वाटा हवेच्या विरोधात जातो, अलीकडे काही वाटा विजेच्या रूपाने साठवून ठेवतात. पण उरलेली सारी उष्णता चाकाजवळच्या ब्रेकच्या तबकडीवर येते. हे एकदा होऊन भागत नाही. दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा येथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ही शर्यत झाली. पहिल्या वर्षी आपला नारायण कार्तिकेयनही तीत उतरला होता. तेथे सव्वापाच किलोमीटरांहून थोड्या कमी लांबीच्या मार्गाच्या साठ फेऱ्या होत्या, आणि प्रत्येक फेरीत अनेक वळणे. तबकडी हजार अंशांवर जाऊन निखाऱ्यासारखी लाल दिसते ती यामुळे.

लोखंडाची तबकडी एवढ्या तापात नरमते, वाकते, तिला तडे जातात. शिवाय ती जड असते, आणि चाकाबरोबर फिरणारे ओझे मोटारीला सर्वांत अधिक जाचते. कार्बनचे तसे नाही. साध्या दाबाखाली तो वितळतच नाही. साडेतीन हजार अंशांच्या पुढे गेल्यावर त्याची एकदम वाफ होते. वजनाने तो लोखंडाच्या चौथाईच. मग चुलीतल्या कोळशाचीच तबकडी का करू नये? कारण उघड आहे. कोळसा बोटांनी दाबला तरी त्याचा चुरा होतो. त्याला बांधून ठेवणारे काही तरी आत हवे, आणि तेही जळून न जाणारे हवे. म्हणजे धागाही कार्बनचाच हवा.

हा धागा करण्याची रीत कोळसेवाल्याच्या रीतीहून तत्त्वतः वेगळी नाही. तो लाकडे रचून वरून माती लिंपतो, कारण वारा लागला की लाकडाची राख होते, वारा अडला की कोळसा. कारखान्यात पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाच्या कृत्रिम धाग्याला ताण देऊन आधी दोन-तीनशे अंशांवर भाजतात, मग नायट्रोजन वायूत हजार अंशांपलीकडे तापवतात. बाकीची द्रव्ये उडून जातात, कार्बन उरतो. या धाग्यांचे थर एकावर एक रचून सुयांनी टोचून गोधडीसारखे गुंतवतात. पण गोधडीला भोके असतातच. ती बुजविण्यासाठी भट्टीत मिथेनसारखा वायू सोडतात. तापलेल्या धाग्यांवर त्यातला कार्बन किंचित किंचित बसत जातो. येथे उतावीळपणा चालत नाही. घाई केली तर वरची तोंडे आधी बुजतात आणि पोट पोकळ राहते, ओल्या भिंतीवर घाईने गिलावा करावा तसे. त्यामुळे एक तबकडी तयार व्हावयास कित्येक महिने लागतात, आणि तिच्या किमतीचे खरे कारण हेच आहे.

धागा आणि त्याभोवतीचे भरणही कार्बनचेच, असा हा पदार्थ १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एका विमान कंपनीत प्रयोग फसल्यामुळे हाती आला. पुढे कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्रेकमध्ये तो आला, आणि १९७६ च्या सुमारास ब्रॅबहॅम चमूचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी तो शर्यतीच्या मोटारीला लावला. मोटारीच्या सांगाड्यातला कार्बन मात्र वेगळा. १९८१ च्या मॅक्लॅरेन मोटारीपासून रूढ झालेल्या त्या सांगाड्यात कार्बनचे धागे राळेत बसविलेले असतात. तो बळकट असतो, पण ब्रेकइतका ताप त्याची राळ सोसणार नाही. वृत्तपत्रे दोहोंना एकच नाव देतात, म्हणून हा खुलासा.

आपल्या देशाला हा पदार्थ विकत मिळण्यासारखा नव्हता. तो क्षेपणास्त्राच्या टोकालाही लागतो, आणि १९८७ पासून प्रगत राष्ट्रांनी अशा मालाच्या विक्रीवर निर्बंध घातले. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तो येथेच केला. 'अग्नी' क्षेपणास्त्राला, आणि पुढे तेजस विमानाच्या ब्रेकलाही, तो उपयोगी पडला. डॉ. अब्दुल कलाम सांगत असत की तेथल्या हलक्या पदार्थांचे तुकडे हाताळून एका अस्थिशल्यविशारदाने त्यांना आपल्या रुग्णालयातली मुले दाखविली. तीन-तीन किलोंचे कॅलिपर ओढीत ती चालत होती. पुढे त्यांच्यासाठी तीनशे ग्रॅमचे कॅलिपर झाले. शर्यतींवरील खर्चाविषयी आमचे मत फारसे चांगले नाही, परंतु या गोष्टीपुढे ते मत मांडण्याची आम्हांस घाई नाही.

आता वैगुण्ये. तापलेल्या कार्बनला हवा लागली की तो जळतो. पाचशे अंशांच्या पुढे तबकडी हळूहळू झिजत जाते. म्हणून तिला शेकडो बारीक छिद्रे पाडून त्यांतून वारा खेळवतात. ८ जून २०१४ रोजी कॅनडातील शर्यतीत मर्सिडीजच्या दोन्ही मोटारींची वीज साठविणारी यंत्रणा बंद पडली. तिच्या वाट्याची उष्णता मागच्या ब्रेकांवर आली, आणि हॅमिल्टनला शर्यत सोडावी लागली. त्याच चमूचा दुसरा चालक रॉसबर्ग मात्र ब्रेकांना सांभाळीत दुसरा आला.

दुसरे वैगुण्य उलट्या बाजूचे. हा ब्रेक थंड असताना नीट पकडत नाही. तीनशे अंशांच्या आसपास तापेपर्यंत त्याच्यावर विसंबता येत नाही. बाजारपेठेतून सावकाश जाणाऱ्या एस. टी. ला तो लावला, तर पुढे अचानक गाय आडवी आली असता चालकाने पाय दाबूनही गाडी पुढेच जाईल. तिला लोखंडच बरे. शर्यत सुरू होण्यापूर्वी सर्व मोटारी एक फेरी मारून येतात. पाहणाऱ्याला ती मिरवणूक वाटते. पण चालक त्या फेरीत पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून कोळसा फुलवीत असतो.