विद्यापीठांनी शिवारातले पाणी मोजावे

सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढे न्यायालयाच्याच पाठपुराव्यामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. पदवीधरांना हरितगृह वायू ठाऊक झाले. पण आपल्या तालुक्यात पडलेल्या पावसाचे पुढे काय होते, हे त्यांना या अभ्यासक्रमाने शिकवले नाही. माझ्या मते विद्यापीठातले हवामानशिक्षण या प्रश्नापासूनच सुरू व्हायला हवे.

याला आधार पुण्यातल्याच संशोधनाचा आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात एकूण मोसमी पाऊस मात्र घटला. म्हणजे हंगामाची सरासरी शेतकऱ्याला फारसे काही सांगत नाही. पाऊस कोणत्या दिवशी किती पडला आणि मधला खंड किती लांबला, यावर पीक ठरते. आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचे काम मला म्हणूनच विलक्षण मोलाचे वाटते. 1985 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रातील एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून खेड्यात जाऊन राहावे लागते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटीने गावपातळीवरच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत तयार केली. रोजचा पाऊस, मातीचा पोत आणि खोली, जमिनीचा उतार, उभे पीक ही माहिती घेऊन किती पाणी वाहून गेले, किती मातीत राहिले, किती पिकाने वापरले आणि किती भूजलात मुरले, याचा हिशेब ती मांडते. मग एकाच गावातल्या एकाच पावसाचे दोन परिणाम दिसतात. खोल काळ्या जमिनीतले सोयाबीन पंधरवड्याचा खंड सोसू शकते, तर माळावरच्या उथळ, मुरमाड जमिनीतले त्याआधीच सुकू लागते. पाणी कमी पडते ते किती, कुठे आणि कोणत्या आठवड्यात, हे कळल्यावरच शेततळे हवे की बांधबंदिस्ती, याचा निर्णय नेमका होतो. हा प्रकल्प 5 हजारांहून अधिक गावांसाठी होता. एका प्राध्यापकगटाच्या अभ्यासाला एवढी मोठी प्रयोगशाळा क्वचितच मिळते.

यावर आक्षेप येतो की, ही कामे कृषी खात्याची. विद्यापीठाने मूलभूत विज्ञान करावे. पण जागतिक हवामान प्रारूपांचा एकेक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा किंवा त्याहून मोठा असतो. त्यात अख्खा जिल्हा सामावतो आणि माळ व काळी जमीन यांतला फरक पुसला जातो. हा फरक मोजणे हे अस्सल विज्ञान आहे, आणि त्याविना जागतिक प्रारूपाचा निष्कर्ष बांधापर्यंत पोहोचत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आयआयटीला जमते ते तालुक्याच्या महाविद्यालयाला कसे जमणार? मूळ पद्धत घडवायला तज्ज्ञ लागतात हे खरेच. पण पर्जन्यमापक वाचणे, विहिरींची पातळी नोंदवणे, मातीची खोली तपासणे ही कामे भूगोलाचा किंवा रसायनशास्त्राचा विद्यार्थी शिकू शकतो, आणि ती वर्षानुवर्षे चालू ठेवायला स्थानिक महाविद्यालयाइतकी योग्य संस्था दुसरी नाही. अडचण पात्रतेपेक्षा मूल्यमापनाची अधिक आहे. शोधनिबंधांची संख्या मोजली जाते, तालुक्याच्या नोंदवहीला गुण नसतात. ते गुण देण्याचा निर्णय विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना येत्या शैक्षणिक वर्षापासूनही घेता येईल, आणि त्यांनी तो घ्यावा.