फळा हुशार झाला, शिकवणं कसं हुशार होणार?

  आजचा विषय दोन ठिकाणी आपल्या घरात येतो. सोमवार ते शुक्रवार मुलं जर्मन शाळेत जातात, तिथे भिंतीवर स्पर्शाने चालणारा डिजिटल फळा असतो. आणि शनिवारी किंवा रविवारी आपल्यातलेच कुणी आई-बाबा मराठी शाळा चालवतात, तिथे लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि फोनवरची गाणी असतात. साधनं दोन्हीकडे आली. त्यांच्यामुळे शिकवणं सुधारतं का, आणि सुधारायचं असेल तर शिक्षकाला कसली मदत लागते, हे आज समजून घेऊ.

आधी इथली व्यवस्था पाहू. जर्मनीत शाळेची जबाबदारी वाटलेली असते. शिक्षकांची नेमणूक, पगार आणि अभ्यासक्रम हे राज्याचं, म्हणजे आपल्याकडे हेसेनचं काम. इमारत, बाकं, इंटरनेट आणि उपकरणं हे शहराचं काम. २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'डिजिटालपाक्ट शूल' नावाची योजना आणली आणि शाळांसाठी ५ अब्ज युरो बाजूला काढले. कोरोनाच्या काळात त्यात आणखी दीड अब्जाची भर पडली. त्यातले ५० कोटी मुलांना उसनी देण्याच्या उपकरणांसाठी होते, ५० कोटी शिक्षकांच्या उपकरणांसाठी आणि ५० कोटी ही यंत्रणा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांसाठी. मूळ पैशाचा मोठा भाग वायफाय, केबल आणि डिजिटल फळे यांवर गेला. एक अट मात्र चांगली होती. हे साहित्य शिकवण्यात कसं वापरणार, याचा लेखी आराखडा दिल्याशिवाय पैसे मिळत नव्हते.

ही अट का हवी होती? कारण यंत्रं आणून ठेवली म्हणजे शिक्षण झालं, हा समज जगात अनेकदा खोटा ठरला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. नंतर ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला, तेव्हा मुलं संगणक जास्त वापरू लागली होती, पण गणितात आणि भाषेत त्यांची प्रगती झालेली दिसली नाही. २०१५ मध्ये ओईसीडी या संघटनेचा अहवाल आला. शाळांच्या संगणकीकरणावर भरपूर खर्च करणाऱ्या देशांतली मुलं वाचनात, गणितात किंवा विज्ञानात लक्षणीय पुढे गेली नव्हती, असं त्यातही दिसलं.

मग यंत्रं निरुपयोगी का? तसंही नाही. याच्या उलट अनुभव दिल्लीत आला. सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतर 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणक कार्यक्रमावर सराव मिळाला, जोडीला छोट्या गटात शिकवणारा मदतनीसही होता. साडेचार महिन्यांत ही मुलं गणितात आणि हिंदीत इतरांच्या बरीच पुढे गेली. यात फरक कशाने पडला? संगणक प्रत्येक मुलाची खरी पातळी शोधून तिथून सुरुवात करत होता. सातवीतल्या मुलाला चौथीचं गणित येत नसेल तर तो चौथीपासून सुरू करायचा. एका वर्गात वेगवेगळ्या पातळीची मुलं असणं ही शिक्षकाची खरी अडचण होती आणि यंत्राने नेमकी तीच सोडवायला मदत केली.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत २००९ मध्ये रणजितसिंह डिसले गुरुजी रुजू झाले. मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्याच भाषेत, अशी तिथे अडचण होती. गुरुजी आधी मुलांची भाषा शिकले, पुस्तकातला मजकूर त्या भाषेत आणला, आणि मग पानापानावर क्यूआर कोड छापले. फोन धरला की कविता ऐकू यायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा, गोष्ट सुरू व्हायची. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला होता. माढा तालुक्यात तो कवितेच्या कामी आला! २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापायचं जाहीर केलं. ३ डिसेंबर २०२० रोजी गुरुजींना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या गोष्टीतला क्रम लक्षात घ्या. आधी अडचण ओळखली, मग भाषा शिकली, मग मजकूर तयार केला, आणि कोड सर्वांत शेवटी आला. नुसता कोड चिकटवला असता तर मुलांना न कळणारी भाषा आणखी मोठ्या आवाजात ऐकू आली असती, इतकंच.

दुसरं उदाहरण साताऱ्याचं. कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. जमिनीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या, मुलांचे गट, असं साधं साहित्य होतं. राज्यभरातले शिक्षक हे वर्ग बघायला तिथे गेले. तिथे त्यांनी आपल्यासारख्याच एका शिक्षकाला, आपल्यासारख्याच मुलांना शिकवताना पाहिलं. परत आल्यावर 'आमच्याकडे हे जमणार नाही' असं म्हणणं अवघड झालं. शिक्षक व्याख्यान ऐकून थोडा बदलतो. दुसऱ्याचा वर्ग पाहून आणि स्वतः करून बघून तो जास्त बदलतो.

मंडळी, यातलं आपल्या डार्मश्टाटच्या मराठी वर्गाला काय उपयोगी? परितेवाडीची अडचण ती आपलीही अडचण आहे. मुलं दिवसभर जर्मन बोलतात, आपलं पुस्तक मराठीत असतं. एकाच वर्गात कुणाला घरी आजी गोष्टी सांगते, तर कुणी फक्त 'जेवायला ये' एवढंच मराठी ऐकतं. शिकवणाऱ्या ताई-दादांनी शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलेलं असतंच असं नाही. आठवड्याला एखादा तास मिळतो. तो कंटाळवाणा गेला तर दहा-अकरा वर्षांचं मूल म्हणतं, 'मी येत नाही.' आणि आजी-आजोबांशी फोनवर बोलायला मग 'हॅलो' आणि 'बाय'च उरतं. म्हणून तो एक तास मोलाचा आहे.

तेव्हा करून बघण्यासारख्या काही गोष्टी.

पहिली, साधन निवडण्याआधी अडचण एका वाक्यात लिहा. 'मुलांना त आणि ट यांतला फरक ऐकू येत नाही' ही अडचण झाली. आता साधन आपोआप सुचेल: मुलांनी 'ताट' आणि 'टाच' म्हणून फोनवर ध्वनिमुद्रण करायचं आणि स्वतःचा आवाज ऐकायचा. ख-क, ळ-ल यांसाठीही हेच.

दुसरी, जर्मन भाषेला मदतीला घ्या. जर्मनमध्ये देअर, डी, डास आहे तसं मराठीत तो, ती, ते आहे. तीन लिंगांची कल्पना आपल्या मुलांना शाळेतूनच माहीत असते. फक्त शब्दागणिक लिंग बदलतं. सूर्य मराठीत तो, जर्मनमध्ये ती. चंद्र जर्मनमध्येही तोच. मुलांना हा खेळ फार आवडतो.

तिसरी, बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. एखादा धडा आजोबांकडून वाचून घ्या, त्या ध्वनिफितीचा क्यूआर कोड बनवा आणि पानावर चिकटवा. मुलाची पातळी कमी असेल तर सोपा धडा द्या, वयाचा हट्ट नको.

चौथी, महिन्यातून एकदा दुसऱ्या ताईंनी किंवा दादांनी वर्गात मागे बसावं. शिक्षक काय बोलले हे लिहू नये. मुलं किती वेळा मराठीत बोलली, कोण गप्प राहिलं, एवढंच टिपावं. मग चहावर बसून पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट ठरवावी. दोन आठवड्यांनी ती जमली का ते पाहावं. यात दोष काढायचा नाही, सोबत करायची आहे.

पाचवी, मुलांचे आवाज किंवा चित्रं साठवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. युरोपात २०१८ पासून माहितीसंरक्षणाचा कडक कायदा लागू आहे आणि तो आपल्या छोट्या वर्गालाही लक्षात ठेवावा लागतो.

आणि जर्मन शाळेचं काय? पुढच्या एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, 'टॅब्लेट कधी मिळणार' याच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. 'याने मुलाला आधी न जमणारं काय जमणार आहे?' आणि 'शिक्षकांना याचं प्रशिक्षण आणि तयारीला वेळ मिळतो का?' शिक्षकांनाही हे प्रश्न आवडतात, कारण उपकरण देणारे पुष्कळ असतात, वेळ देणारे थोडे.

तुमच्या गावच्या मराठी वर्गात काही वेगळा प्रयोग चालू असेल तर आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात सगळ्यांना सांगू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि आज रात्री मुलांना गोष्ट मराठीत सांगा. नमस्कार!