माणसं किती, तेवढीच वीज

बीड जिल्ह्यातल्या सरकारी कचेऱ्यांत गर्दी रोज सारखी नसते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, लोकशाही दिनाला, जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रारदार येतात; एरवी साहेब दौऱ्यावर, कर्मचारी पंचनाम्याला. त्यात 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडाच पाच दिवसांचा झाला. दिवे, पंखे, एसी यांची रचना मात्र इमारत कायम भरलेली आहे असं धरून होते. कचेरीचा नकाशा चौरस फुटांवर नव्हे, कोणत्या वेळी किती माणसं कुठे बसतात यावर ठरायला हवा.

याचं पहिलं उत्तर माणसांची हालचाल टिपणारा सेन्सर नाही. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेला स्लॅब खाली दहा माणसं आहेत की एक, हे पाहत नाही. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत जाड भिंती आणि मातीचं छत दुपारचं ऊन थोपवून धरत. आज तेच काम गच्चीवरचा पांढरा लेप, छताचं उष्णतारोधक अस्तर आणि खिडक्यांवरचे खोल छज्जे करू शकतात. त्यानंतर विभागणी: रोज गजबजणारे कक्ष एकीकडे, सभागृह आणि क्वचित उघडणारी दालनं दुसरीकडे, प्रत्येक भागाची वायरिंग आणि एसी स्वतंत्र. सभागृहात कार्बन डायऑक्साइड मोजून माणसांच्या प्रमाणात ताजी हवा सोडता येते.

तालुक्याला सेन्सर बिघडला तर दुरुस्त कोण करणार, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ते व्हरांडे, स्वच्छतागृहं आणि सभागृहापुरते ठेवावेत. टेबलावरच्या पंख्याला साधं वेगळं बटण पुरतं. बचत किरकोळच होईल, हा दुसरा आक्षेप मात्र टिकत नाही. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे. आणि जोडीला पंखा असला की दोन-तीन अंशांची वाढ जाणवतही नाही. शिवाय कोळशावरच्या विजेला पाणी लागतं. परळीचं औष्णिक केंद्र 2013 आणि 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, हे बीडकरांना वेगळं सांगायला नको.

केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 100 किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या इमारतींसाठी आहे. लहान कचेऱ्या त्यातून सुटतात. तेव्हा कायद्याची वाट न पाहता सार्वजनिक बांधकाम विभागाने पुढच्या कचेरीचा नकाशा काढण्याआधी जुन्या कचेरीची महिनाभराची खोलीनिहाय हजेरी मागवावी.