बुडालेल्या जहाजाची चांदी गळ्यात

पुतळ्यांची माळ तुमच्या परिचयाची आहे. चांदीचे रुपये ओवलेला हार तुमच्यापैकी काहींनी आजीच्या गळ्यात पाहिलाही असेल. अमेरिकेतील फ्लॉरिडात असाच नाण्याचा एक दागिना मिळतो. मात्र त्यातले नाणे साडेतीनशेहून अधिक वर्षे समुद्राच्या तळाशी पडून होते!

त्याची हकीकत अशी. १६२२ च्या सप्टेंबरात ‘आतोचा’ हे स्पॅनिश जहाज हवाना बंदरातून स्पेनकडे निघाले. त्यात आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरातली पुष्कळ चांदी होती. तिथल्या खाणीत आसपासच्या गावांतील माणसांना पाळीपाळीने वेठीला धरून राबवीत. फ्लॉरिडाजवळ जहाज वादळात सापडले. २६५ माणसांपैकी अवघी पाच वाचली.

पुढे मेल फिशर नावाच्या माणसाने या जहाजाचा ध्यास घेतला. हा गृहस्थ एके काळी कोंबड्या पाळीत असे! सोळा वर्षे तो समुद्र धुंडाळत राहिला. १९७५ साली शोधाची नाव उलटून त्याचा मुलगा, सून आणि एक सहकारी बुडाले. तरी त्याने काम सोडले नाही. अखेर २० जुलै १९८५ रोजी मुख्य ठेवा हाती लागला. चांदीच्या विटा आणि लाखाहून अधिक नाणी!

खाऱ्या पाण्याने नाणी काळी पडून एकमेकांना चिकटली होती. पाण्याच्या टाकीत ठेवून, विजेचा सौम्य प्रवाह सोडून ती हळूहळू साफ केली. मोठे नाणे सुमारे २७ ग्रॅमचे, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून थोडे जास्त. चांदीच्या कांबीचे तुकडे तोडायचे, कातरून वजन जुळवायचे आणि हातोड्याने ठसा मारायचा, अशी त्या काळची रीत. म्हणून ती वेडीवाकडी आणि दोन नाणी कधी तंतोतंत सारखी नसतात. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला राजाची ढाल.

जाणता सोनार अशा नाण्याला भोक पाडीत नाही की डाग देत नाही. भोवती सोन्याचे कोंदण करून वर कडी बसवतो. कारण किंमत चांदीच्या वजनाची नसते, ठशाची आणि खरेपणाच्या दाखल्याची असते. म्हणूनच नकलाही निघतात. साच्यात ओतलेल्या नाण्यावर बारीक खड्डे दिसतात, कडेला जोडाची रेघ असते. हुबेहूब सारखी दोन नाणी दिसली, तर ती साच्यातलीच समजावी. कधी जहाजातलीच चांदी वितळवून नवे नाणे ओततात. तिथे धातू खरा, पण नाणे जुने नव्हे.

सतराव्या शतकात स्पेनची अशी पुष्कळ नाणी व्यापाऱ्यांबरोबर सुरतेला आली आणि तिथल्या टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये झाले. एकदा वितळले की चांदी उरते, इतिहास जातो.

तेव्हा आजीच्या पेटीतले जुने नाणे चिंच-राखेने घासू नका, मोडीत देण्यापूर्वी जाणत्याला दाखवा. आणि नांगराच्या फाळाला जुन्या नाण्यांचे गाडगे लागले, तर ते लपवू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरील किमतीच्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. नाण्यावरचा ठसा शाबूत राहिला, तरच ते आपली हकीकत सांगू शकते.